येडशीच्या माथ्यावरचा आवाज

“यात आता कमी काय आहे, तेवढं एकदा सांगून टाका, चाचा!”

पराग बोरावके हे त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारत होता. कुर्डुवाडीची त्याची खेपही तिसरीच.

दस्तगीर मुलाणीनं वाळत घातलेल्या शेवयांवरची माशी हाकलली.

“चाचा...”

“ऐकलं की मी.”

“मग? बरोबर आहे ना आवाज?”

“न्हाई.”

दस्तगीरनं पुन्हा शेवयांकडं तोंड फिरवलं.

मी तिथंच बसलो होतो म्हणून छातीठोक सांगतो. पुढं लोक या गोष्टीला तिखटमीठ लावून सांगायला लागले, त्यांचं काही खरं धरू नका. मी सिद्राम हत्तरकी, अरुंद रुळांच्या छोट्या लाइनीवरच्या मालगाडीचा गार्ड. एकतीस वर्षं पुढं इंजिनावर हा दस्तगीर आणि मागं शेवटच्या डब्यात मी. आमच्या दोघांमध्ये पंधरा डबे. आता त्याचं वय चौऱ्याऐंशी, माझं एकोणऐंशी, आणि दोघांमध्ये फक्त त्याच्या अंगणातली बाज.

त्या दिवशी बाजेवर परागची फळी मांडलेली होती. फळीवर रूळ, मधोमध लाकडाचा येडशीचा घाट. एका बाजूनं चढ, वर माथा, पलीकडं उतार. रुळावर वीतभर लांबीचं इंजिन. आमच्या छोट्या लाइनीचंच, वाफेचं. मागं चार मालडबे आणि शेवटी गार्डाचा डबा. नंबराच्या पाटीपासून कोळशाच्या फावड्यापर्यंत सगळं पितळेत घडवलेलं. पोरगा हाताचा कसबी होता, यात वाद नाही.

कानाचाही होता. पुण्यात सिनेमांना आवाज भरायचं काम करायचा. ते सोडून चार वर्षं याच इंजिनाच्या मागं लागलेला. पुण्यातलं रेल्वेवेड्यांचं एक मंडळ आता कायमचं दालन उघडणार होतं. छोट्या लाइनीसाठी त्यात एकच टेबल. मंडळानं परागला अट घातली होती, की त्या लाइनीवर इंजिन चालवलेल्या माणसाचं पत्र आणा, आवाज खरा आहे म्हणून. नाहीतर ते टेबल एका डिझेल इंजिनवाल्याला जाणार. बैठक सोमवारी आणि आज शनिवार. वाफेच्या इंजिनाचा आमच्यातला जिवंत ड्रायव्हर म्हणजे हा एकटा दस्तगीर.

आणि दस्तगीर म्हणत होता, न्हाई.

पहिल्या खेपेला त्यानं इंजिन ऐकलं आणि म्हणाला, “डब्यात उंदीर कोंडलाय.”

पराग लालबुंद होऊन गेला. पण महिन्याभरानं परत आला तेव्हा आवाजातला पत्र्यासारखा खणखणाट गेलेला होता. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात त्यानं मोठा स्पीकर बसवला, भोवती पेटी केली, पेटीच्या फटी डिंकानं बुजवल्या. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खात होते, असं त्यानं मला समजावलं. मला अर्धं कळलं. आवाज मात्र भरदार आला होता.

तेव्हा दस्तगीर म्हणाला, “चाक येगळं बोलतंय, तोंड येगळं.”

पुन्हा महिना. या वेळी त्यानं चाकाच्या आसावर नखाएवढं यंत्र बसवून आणलं. चाकाच्या एका फेऱ्याला चार भपकारे, ना कमी ना जास्त. चाक हळू तर आवाज हळू. चढ लागला की आवाज जड होत जायचा.

आणि तरीही न्हाई!

“चाचा, रागावू नका,” पराग म्हणाला. आवाजात धार होती. “पण मी खऱ्या इंजिनाजवळ सहा माइक लावून हे घेतलंय. चौसष्ट आवाज आहेत यात. डोळे मिटून ऐका आणि खऱ्यात नि यात फरक दाखवून द्या.”

“मी कशाला दावू?”

“मग कोण दाखवणार?”

दस्तगीरनं माझ्याकडं बोट केलं.

“गार्डसायेब दावतील.”

पराग हसला. हसू दाबायचा प्रयत्न केला त्यानं, पण मला दिसलं. तीन खेपांत या पोरानं मला नमस्कार केला होता, माझ्या हातचा चहा घेतला होता, पण एक शब्द विचारला नव्हता. गार्डाला कोण विचारतो? लोकांना वाटतं, मागं बसून झेंडी हलवायची नि पगार घ्यायचा.

बाजेच्या दांडीला दस्तगीरच्या सुनेचं, जुलेखाचं, शेवयांचं यंत्र आवळलेलं होतं. दांड्याचं. दांडा फिरवला की खालून शेवया पडतात तसलं.

“सिद्राम, फळीकडं पाठ कर. हात दांड्यावर ठेव. तू ब्रेकला.”

“खुळा झालास काय? ह्या वयात पोरखेळ...”

“ठेव म्हंतो ना.”

ठेवला. दस्तगीर सांगेल त्याच्या उलट करण्यात माझी हयात गेली. पण ब्रेकचं नाव निघालं की मी वाद घालत नाही.

“सोड रं गाडी.”

गाडी निघाली. खोटं कशाला बोलू, चढ लागला नि माझ्या अंगावर काटा आला. भक्क... भक्क... भक्क... प्रत्येक भपकाऱ्याला इंजिनाचा ऊर फुटत होता. कोळशाचा धूर नाकात आल्यासारखा वाटला मला. मी दांडा धरून तयारीत बसलो. भक्क... भक्क... चढ काही संपेना. हात अवघडला माझा.

मग खट् असा आवाज झाला.

वळून पाहिलं तर गाडी चढ चढून, उतार उतरून, फळीच्या टोकाच्या ठोकळ्याला जाऊन टेकलेली.

“पोचली!” पराग म्हणाला. “बघा, कुठं अडखळली नाही.”

“सिद्राम, ब्रेक कवा आवळलास?”

“मी? आवळलाच नाही.”

“का रं?”

“तू अजून चढ ओढत होतास की!”

दस्तगीर उठला. बाजेपाशी येऊन त्यानं एकेक मालडबा हातात घेतला आणि उतारावर आडवा निजवला. पहिला... दुसरा... तिसरा... चौथा. घाई नाही केली. मग इंजिन पालथं केलं. शेवटचा गार्डाचा डबा मात्र त्यानं परागचा हात ओढून त्याच्या तळव्यावर ठेवला.

“धर. हा सिद्राम.”

आपण त्या पोराच्या तळहातावर मरून पडलोय, असं वाटलं मला.

परागला मात्र राग आला.

“चाचा, हे मॉडेल आहे! याला ब्रेक नाही. त्या डब्यात माणूस नाही.”

“मग आवाज कुणासाठी करतूस?”

पराग सावरून म्हणाला, “आवाज खऱ्या इंजिनाचाच आहे. तुमची शपथ.”

“कुटं घेतलास?”

“एका स्टेशनात. गाडी सुटताना.”

“सपाटीला?”

“... हो.”

“मग तुझं इंजिन येडशीचा घाट चढलंच न्हाई आजून. उतरंल कुटनं?”

पोरानं सामान भरायला घेतलं. फळीची बिजागरी मिटली, वायरी गुंडाळल्या, इंजिन मखमलीच्या पेटीत ठेवलं. ओठ घट्ट मिटलेले.

“सोमवारपर्यंत दुसरा कुणी ड्रायव्हर शोधतो,” म्हणाला.

“शोध की,” दस्तगीर म्हणाला. “घावला तर मलाबी सांग. लई दिवस झालं, कुणाशी इंजिनाचं बोललो न्हाई.”

त्यात टोमणा नव्हता. खरंच सांगत होता तो. त्याच्या बरोबरीचे सगळे कधीच गेले होते.

पराग फाटकापर्यंत गेला. तिथं कडी काढायला हात पुढं केला, तर मूठ मिटलेली. मुठीत गार्डाचा डबा तसाच राहिलेला. रागाच्या भरात तो पेटीत ठेवायचं विसरला होता.

फाटकापाशी उभा राहून तो त्या डब्याकडं बघत होता. बराच वेळ. जुलेखा पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तिच्याकडंही लक्ष नाही.

मग तो परत आला. दस्तगीरकडं नाही, थेट माझ्यासमोर येऊन खाली बसला.

“अप्पा... त्या डब्यात बसून तुम्हाला नेमकं काय ऐकू यायचं?”

अरे, तीन खेपांत पहिला प्रश्न! एकतीस वर्षांत माझ्या बायकोनंसुद्धा हे विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. आमच्या जुन्या मालडब्यांना स्वतःचे ब्रेक नव्हते. पुढं इंजिनाचा ब्रेक, मागं माझा, हातानं फिरवायचा. चढावर दस्तगीर ओढायचा आणि मी नुसता बसायचो. अर्ध्या गाडीनं माथा ओलांडला की तो वाफ बंद करायचा. त्या क्षणाला मी ब्रेक आवळायला सुरुवात करायची. आधी आवळला तर गाडी ताणून साखळी तुटणार. उशीर झाला तर पंधरा डब्यांचं ओझं इंजिनाच्या पाठीवर. मग इंजिन, दस्तगीर, डबे नि मी, सगळे दरीत.

“पण तुम्हाला मागं कसं कळायचं? शिट्टी मारायचे?”

“नियमाच्या पुस्तकात तीन शिट्ट्या आहेत. मारायचा बिचारा. पण वारा उलटा असला की शिट्टी दरीत जायची. मी शिट्टीची वाट बघत बसलो असतो तर आज तुझ्यापुढं बसलो नसतो.”

“मग?”

“भपकारा थांबायचा.”

“म्हणजे?”

“म्हणजे थांबायचा! इतका वेळ छाती फोडत असलेलं इंजिन एकदम गप्प. ते मला पंधरा डब्यांमागं लख्ख ऐकू यायचं.”

परागनं दस्तगीरकडं पाहिलं. दस्तगीर शेवया उलथत होता.

“आणि माझं इंजिन उतारावरही भपकारत राहिलं...” पराग पुटपुटला.

“उतारावर कोळसा जाळणारा डायवर!” दस्तगीर म्हणाला. “लोको फोरमन सायबानं पट्ट्यानं मारला असता.”

पोरानं पेटी पुन्हा उघडली. फळी मांडली. माथ्यावर रुळाखाली एक बारीक लोहचुंबक चिकटवलं, इंजिनाला माथा आला हे कळावं म्हणून. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला. बारा वाजले, एक वाजला. जुलेखानं भाकरी नि हुलग्याचं माडगं दिलं, ते त्यानं एका हातानं खाल्लं.

“झालं,” म्हणाला. “बसा अप्पा.”

मी पाठ केली, दांडा धरला. गाडी निघाली. भक्क... भक्क... मग भपकारा हळूहळू बारीक होत गेला, लांब जात जात विरला. फार गोड केलं होतं. माझा हात हलला, पण तोवर गाडी ठोकळ्याला टेकलेली.

“उशीर,” मी म्हणालो.

“पण किती सुंदर विरतोय तो, अप्पा! एकदम तोडला तर कानाला झटका बसेल.”

“बसू दे की,” दस्तगीर म्हणाला. “तुझ्या शिनेमात माणसं अशी मरत असतील, गाणं म्हणत म्हणत. डायवर दांडी ढकलतो आन् वाफ बंद. त्यात नखरा न्हाई.”

पराग पुन्हा बसला. या वेळी त्यानं भपकारा कापला. पण गाडी सोडली तर माथ्यावर भपकारा थांबला नि चिमण्या ऐकू आल्या.

“हे काय रे?” मी विचारलं.

“वातावरण, अप्पा. पक्षी, वारा, थोडी माणसं... आवाज एकदम रिकामा वाटू नये म्हणून.”

“येडशीला पाखरं आहेत, मान्य. पण ती आमच्या इंजिनात बसत नव्हती.”

तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसला. मग त्यानं एकेक आवाज काढायला सुरुवात केली. पाखरं काढली. वारा काढला. फावड्याचा आवाज काढताना थांबला, तो घ्यायला त्याला आठ दिवस लागले होते म्हणे. तोही काढला. शेवटी उताराला फक्त चाकांची घरघर आणि चाकं जोडणाऱ्या दांड्यांची किणकिण राहिली, तीही अगदी बारीक. मग चढाचा भपकाराच त्यानं कमी केला, एवढा की मला कान द्यावा लागला.

“हा का कमी केलास?”

“तो एवढा मोठा असला तर पुढची शांतता कानात शिरायलाच वेळ लागतो, अप्पा. चार वर्षं मी फक्त तो मोठा करत होतो.”

दस्तगीरनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. पुन्हा खाली घातली.

“आणि किती वेळ शांत ठेवू, चाचा?”

“मला का इचारतूस?”

परागनं माझ्याकडं तोंड केलं. “किती वेळ, अप्पा?”

“माझा हात ब्रेकला जाईपर्यंत.”

त्यानं मान डोलावली. काहीतरी दोन-तीन वेळा बदललं. ऊन भिंतीवर चढलं होतं. मी पुन्हा पाठ करून बसलो आणि दांड्यावर हात ठेवला.

भक्क... भक्क...

बारीक आवाज होता, पण ओढणारा होता. मी कान लावून राहिलो. भक्क...

...

आईशपथ सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. माझा हात आपोआप फिरला. करकरून फिरला, दोन वेढे, तीन वेढे, आणि दात ओठांवर रोवले गेले. यंत्रात सकाळचा उरलेला कणकेचा गोळा होता, त्याच्या लांबच लांब शेवया माझ्या धोतरावर पडल्या.

“अहो अप्पा!” जुलेखा ओरडली. “वाळकी कणीक ती! यंत्र मोडाल माझं!”

मी वळलो. गाडी उतारावर होती, अजून खाली पोचायची होती. दांड्या किणकिणत होत्या. गार्डाचा डबा नुकताच माथा ओलांडत होता.

“वेळेवर,” मी म्हणालो.

पराग माझ्या हाताकडं बघत होता. अजून दांड्यावरच होता तो. पोराचे डोळे भरले. चांगला भरभक्कम गडी, पण डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

मग त्यानं दप्तरातून मंडळाचा कागद काढला आणि दोन्ही हातांनी दस्तगीरपुढं धरला. सकाळी एका हातानं धरत होता.

दस्तगीरनं चष्मा लावला. कागद सावकाश वाचला. सही केली, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि कागद माझ्याकडं सरकवला.

“गार्डाची सही.”

“चाचा, मंडळाला फक्त ड्रायव्हरची हवीय,” पराग म्हणाला.

“मंडळाला काय कळतंय? गार्डानं हिरवी दावल्याबिगर मी गाडी कवा हलवली न्हाई.”

मी सही केली. दांडा आवळून हात अवघडला होता, त्यामुळं ‘हत्तरकी’ जरा वाकडं आलं. चालेल. सोमवारी त्या टेबलावर कुणाचं इंजिन बसणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

परागनं कागद घडी करून खिशात घातला. सामान भरलं. गार्डाचा डबा या वेळी त्यानं सगळ्यात आधी पेटीत ठेवला. दस्तगीरच्या पाया पडला, मग माझ्या. पण जाईना. फाटकापाशी घुटमळत उभा.

“काय राह्यलं?” दस्तगीरनं विचारलं.

“एक विचारू, चाचा? चार वर्षं मी तो भपकारा घासला. तुम्ही त्याला एकदाही बरं म्हणाला नाहीत. आणि पसंती दिलीत ती कुठं, तर जिथं इंजिन काहीच बोलत नाही!”

दस्तगीरनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला.

“तिथं मी सिद्रामला हाक मारायचो रं.”